तळघरातली खारी जमीन

डोळे मिटा, असं म्हटलं असतं. पण मग वाचणार कसं? तेव्हा डोळे उघडे ठेवूनच कल्पना करा.

म्हसळ्याच्या बाजारपेठेत लाद्यांचं एक दुकान आहे. श्रावणातली सर येतेय, थांबतेय, पुन्हा येतेय. दुकानाच्या पायरीवर एक मुलगी उभी आहे. मुलगी म्हणजे तुमच्याएवढी नव्हे, चांगली सत्तावीस वर्षांची. केस भिजलेले, ओढणी कमरेला खोचलेली आणि काखेत हातभर लांबीची एक पट्टी. वरून बघाल तर सागाची फळी, उलटी करून बघाल तर निव्वळ प्लास्टिक. ती पट्टी एका टोकाला भाजलेल्या पापडासारखी वळली आहे. आता त्या मुलीच्या दोन भुवयांच्या मधे बघा. तिथं एक उभी आठी आहे. पनवेलच्या शाळेत ती आठी दिसली की सगळा वर्ग हातातला ब्रश खाली ठेवायचा.

ही नेत्रा. आणि आज ती भांडायला आली आहे.

काउंटरमागे एक तरुण वाकून लाद्यांचे नमुने एकावर एक रचत होता. नेत्रानं ती पट्टी त्याच्यासमोर आपटली.

"ही बघा तुमची पाच वर्षांची गॅरंटी! मे महिन्यात बसवली आणि ऑगस्टात ही अवस्था!"

"मॅडम, मी..."

"मधे बोलू नका! श्रीवर्धनला घराच्या तळघरात मला मुलांसाठी चित्रकलेचा स्टुडिओ काढायचाय. मुलं खाली बसणार, खाली रंगवणार. तिथं आता पाऊल ठेवलं की पचपच आवाज येतो. कागद ठेवला की तासाभरात त्याच्यावर लाटा उठतात. वास तर असा, की मांजरसुद्धा आत येत नाही. पनवेलची नोकरी सोडून आलेय मी. शाळेनं एक सप्टेंबरपर्यंत जागा राखून ठेवलीय. तोवर ही खोली झाली नाही तर मला परत जावं लागेल. आणि ते कुणामुळे? तुमच्या या... या खोट्या लाकडामुळे!"

तो हनुवटीला हात लावून ऐकत राहिला. मधेच एकदा त्यानं तिच्या केसांतून टपकणारं पाणी काउंटरवरच्या कागदांवर पडू नये म्हणून कागद तेवढे बाजूला सरकवले. त्यानं तर ती अधिकच भडकली. पण अखेर तिचे शब्द संपले.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मी या दुकानातला न्हाय. मालक जेवायला गेलेत. मी लाद्या न्यायला आलोय. बोलले, जरा लक्ष ठेव."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच बोललात, मधे बोलू नका."

नेत्राचे कान लाल झाले. तिनं पट्टीकडे हात नेला, पण त्यानं ती आधीच उचलली होती. त्यानं ती उलटी केली. मागच्या बाजूला पांढरी भुकटी धरली होती. त्यानं ती नखानं खरवडली, नाकाशी नेली आणि मग... मग सरळ जिभेवर ठेवली.

"शी! काय करताय?"

"मीठ हाय," तो शांतपणे म्हणाला. "समुद्राचं. पट्टी बिचारी बरी हाय, मॅडम. खालची जमीन खारी हाय."

आता तुम्हीच सांगा, वाजत-गाजत भांडायला आलेल्या माणसाला कुणी असं सांगितलं तर कसं वाटेल? त्यातून ती जमीन नेत्राच्या बाबांनी स्वतःच्या हातानं केलेली.

"माझ्या बाबांनी त्या जमिनीची वाळू तीन-तीनदा धुतली होती. अख्ख्या श्रीवर्धनला माहीत आहे."

"असंल. पण जीभ खोटं बोलत न्हाय. माझा आजा काळूराम, जन्मभर पेणकडच्या मिठागरात राबला. कुठल्या वाफ्याचं मीठ, ते चाखून सांगायचा. मला त्यानंच शिकवलं."

"एवढी खात्री आहे ना? मग या आमच्याकडे. चाटा आमचं तळघर आणि बाबांच्या तोंडावर सांगा!"

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. त्यानं मात्र खिशातून पेन्सिल काढली. "पत्ता सांगा. मी केतन. लादीचं काम करतो. रविवारी येतो."

आणि तो खरंच आला.

नेत्राचं घर समुद्राकडे उतरणाऱ्या जागेवर आहे. रस्त्याच्या बाजूनं बघितलं तर एकमजली. मागच्या पोफळीच्या वाडीतून बघितलं तर घराच्या पोटात आणखी एक खोली दिसते, तीन बाजूंनी मातीत गेलेली, एका बाजूनं वाडीत उघडणारी. तेच तळघर. नेत्रा नऊ वर्षांची असताना बाबांनी सुपारी साठवायला ते बांधलं. आता सुपारी बागेतूनच व्यापारी उचलतात, म्हणून ते रिकामं होतं. वाडीच्या कुंपणापलीकडे लगेच किनारा, त्यामुळे खिडकीतून दिवसभर असा निळसर उजेड यायचा, की चित्र काढणाऱ्या कुणालाही ती खोली सोडवू नये.

नेत्राचे बाबा, हरेश्वरकाका, दारातच उभे होते. त्यांचा राग गावात प्रसिद्ध. शेजारच्या पूनमवहिनींची आठ वर्षांची मृणाल तेवढी त्यांना घाबरत नसे. ती या स्टुडिओची पहिली विद्यार्थिनी. अजून स्टुडिओ नव्हता, पण विद्यार्थिनी रोज हजर असे.

"हाच का तो चाटणारा?" काकांनी विचारलं.

"नमस्कार, काका."

"नमस्कार राहू दे. बघ आणि जा."

नेत्रानं रागाच्या भरात सगळ्या पट्ट्या आधीच उखडून टाकल्या होत्या. खाली बाबांचा जुना कोबा दिसत होता, सिमेंट घोटून केलेली करडी जमीन. केतननं पिशवीतून जाड प्लास्टिकचे वहीच्या पानाएवढे पाच तुकडे काढले आणि चिकटपट्टीनं खोलीत पाच ठिकाणी जमिनीवर डकवले, चारी बाजू बंद करून.

"याच्यात काय पकडणार?" मृणालनं विचारलं.

"जमिनीचा घाम. जमीन ओली असंल तर दोन दिवसांत प्लास्टिकच्या आतून थेंब धरतील. तोवर कुणी हात लावायचा न्हाय. तू राखण करशील?"

मृणालनं लगेच पाच कागदांवर 'हात लावू नये' असं लिहिलं आणि प्रत्येकावर एक दात दाखवणारा कुत्रा काढला. मग ती म्हणाली, "लादीवाले काका, कुत्रे चावरे आहेत."

"काका कुणाला बोलते गं? दादा बोल."

नेत्रा हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती. हसू येत होतं, ते तिनं आठीखाली दाबलं.

"एक विचारू, मॅडम? तुम्ही चित्रकार ना? मग जमिनीवर लाकडाचं चित्र कशाला चिकटवलंत?"

"पनवेलला एका स्टुडिओत बघितलं होतं. छान दिसत होतं."

"तिसऱ्या मजल्यावर असंल."

तो स्टुडिओ खरंच तिसऱ्या मजल्यावर होता. नेत्रानं ते सांगितलं नाही. "मग तुम्ही काय घातलं असतं? टाइल्स?"

"पाणी सांडलं की पोरं आपटतील."

"शहाबादी फरशी?"

"चांगली. पण तुमची पोरं कागद खाली ठेवून रेघ मारणार. सांध्यावर आली की पेन्सिल कागदातून आरपार."

"मग काय, शेणानं सारवू?"

"सारवा की. रंगाचं पाणी सांडलं की पोरांसकट परत सारवा."

या वेळी हसू दबलं नाही. फार नाही, ओठाचा एक कोपरा... पण त्यानं ते बघितलं आणि तिनं बघितलं की त्यानं बघितलं. ती पटकन खिडकीकडे वळली.

"कोबाच पाहिजे," तो हळू आवाजात म्हणाला. "एकसंध. बसायला गार, पुसायला सोपा. रंग राखाडी, म्हणजे कुठलाही रंग सांडला तरी शोभून दिसंल."

"बाबांचाही कोबाच आहे."

"म्हणून तर बघायला आलोय, तो कशाला रुसलाय."

मंगळवारी तो परत आला. तीन तुकड्यांखाली जमीन खडखडीत कोरडी होती. दाराजवळच्या दोन तुकड्यांना मात्र आतून टपोरे थेंब लटकले होते. केतननं गुडघे टेकले, त्या जागची भुकटी जिभेला लावली, मग कोरड्या जागची लावली. मान हलवली.

"काका, मागचा भाग एकदम गोड हाय. दाराकडचा खारा. इथली वाळू धुतलेली न्हाय. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ती ओल मग सगळीकडे पसरते."

बस्स. हरेश्वरकाकांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"एक पावसाळा वाळू वाडीत उघड्यावर पसरली होती मी! त्यावर विहिरीचं पाणी ओढून तीन वेळा धुतली. माझे हात सोलले होते. आणि अंदाज असा, की शेवटच्या घमेल्यापर्यंत बरोबर पुरली. तू काल जन्मलेला, मला सांगतोस धुतली नाही म्हणून?"

"तुम्ही धुतलीच असंल, काका. पण मग तिच्यात दुसरी वाळू पडली."

"कुठून पडली? आकाशातून? नीघ! पुन्हा या घराची पायरी चढायची नाही!"

केतननं नेत्राकडे बघितलं. तिनं काहीतरी बोलावं, एवढीच त्याच्या नजरेत अपेक्षा होती.

"जरा नीट सांगता आलं नसतं का?" नेत्रा फणकारली. "वयाचा काही मान?"

तो पिशवी उचलून निघून गेला.

त्याची मोटारसायकल वळणाआड गेली आणि नेत्रा रागातच उलथनं घेऊन दाराजवळचा पांढरा खार खरवडायला बसली. खरवडता खरवडता तिचा हात थांबला.

अठरा वर्षांपूर्वीचा मे महिना. आतला भाग भरून झालेला, दाराकडचा तेवढा राहिलेला, आणि बाबा याच दारात कपाळाला हात लावून बसलेले. "वाळू कमी पडतेय," ते आईला सांगत होते. "आता परत पसरायची, परत धुवायची, तोवर पाऊस येईल." नऊ वर्षांच्या नेत्राला बाबांचा तो चेहरा बघवला नाही. दुपारी बाबा झोपले तेव्हा ती आणि तिची मैत्रीण कल्पिता, दोघी दोन बादल्या घेऊन कुंपणातून किनाऱ्यावर गेल्या. किती खेपा केल्या, कोण जाणे. सगळी वाळू त्यांनी बाबांच्या ढिगावर नेऊन ओतली आणि हातानं सारखी केली. संध्याकाळी बाबांना गंमत सांगायची होती.

पण संध्याकाळी बाबा ढिगापाशी उभे राहून हसत होते. "बघितलंस? मी उगाच घाबरलो. माझा अंदाज चुकत नाही." ते इतके खुश होते, की नेत्राच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. उद्या सांगू, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तो उद्या कधी आलाच नाही, आणि ती विसरूनही गेली.

तिनं उलथनं बाजूला टाकलं. आता तिला राग आला तो स्वतःचा. पण बाबांना कसं सांगणार? जिना उतरायला बाबांचे गुडघे साथ देत नव्हते, तरी त्या जमिनीवरून पाय फिरवायला ते अजून खाली यायचे.

एक दिवस गेला. दुसरा गेला. तिनं पनवेलच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला.

चौथ्या दिवशी केतनच आला. घराची पायरी चढला नाही. वाडीतून, तळघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. या वेळी तो शांत नव्हता.

"तुमच्या बाबांनी बाजारात सांगितलंय, पेणचा तो पोरगा लबाड हाय, चांगली जमीन फोडायला लावतो. सोनाबाईंच्या पर्यटकांच्या खोल्यांचं काम धरलं होतं मी. त्यांनी कालच सांगून टाकलं, येऊ नको. मला आळशी बोला, उद्धट बोला, चालंल. पण ही जीभ माझ्या आज्यानं घडवलीय. तिला खोटं बोललेलं मला न्हाय चालणार."

"तुमची जीभ खरी आहे," नेत्रा म्हणाली.

"काय?"

"वाळू मी टाकली होती. किनाऱ्यावरची. मी नऊ वर्षांची होते... बाबांना मदत म्हणून. त्यांना आजही माहीत नाही."

केतन एक पाऊल पुढे आला. "हे कधी आठवलं?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी."

"म्हणजे चार दिवस?"

"चार दिवस."

"नऊ वर्षांच्या पोरीनं तोंड मिटलं, ते मी समजू शकतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज वाडीतल्या पावसाहूनही गार होता. "सत्तावीस वर्षांच्या बाईनं मिटलं, ते न्हाय समजत. मी चार रात्री आठवत होतो, तुम्ही हसला होतात ते. आता वाटतं, तेही चिकटवलेलंच असंल."

तो गेला. दारामागून मृणालचा आवाज आला. ती चित्र काढत बसली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"ताई, तू आजोबांना सांगितलंच नाहीस?"

"नाही गं."

"का?"

मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा खरं उत्तर द्यावं, नाहीतर गप्प बसावं. नेत्रानं खरं उत्तर दिलं. "भीती वाटली. खरी गोष्ट तेव्हाच सांगितली असती तर एक दिवस बोलणी खाल्ली असती. लपवली, म्हणून अठरा वर्षं जमिनीखाली राहिली, आणि आता दुसऱ्याच माणसाला बोलणी बसली. मृणाल, कुणाचा राग येणार असेल तरी सांगायचं ते लगेच सांगून टाकावं."

मृणालनं मान डोलावली. हे तिनं नीट ध्यानात ठेवलं.

नेत्रा तशीच वर गेली. बाबा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बादल्या, कल्पिता, खेपा, सगळं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ते उठले, परसातून पहार घेतली आणि कण्हत कण्हत जिना उतरले.

पहिला घाव बसला तेव्हा वरच्या खोलीतली भांडी वाजली.

"अंदाज म्हणे!" घाव. "शेवटच्या घमेल्यापर्यंत म्हणे!" घाव. "अठरा वर्षं लोकांना सांगत फिरलो मी!" घाव. "आणि त्या पोराला भर बाजारात..." पाचव्या घावाला ते धापा टाकत थांबले. नेत्रानं पहार घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो झिडकारला. मग कपाळावरचा घाम पुसून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगायचं नाही होय? मी काय तुला खाल्लं असतं?"

"तुम्ही हसत होता, बाबा. म्हणून नाही सांगितलं."

बाबांनी पहार भिंतीला टेकवली.

"जा. सोनाबाईला मी सांगतो. त्या पोराला तू सांग. तू चिडवलंयस, तूच आण."

केतन म्हसळ्याला त्याच दुकानाच्या पायरीवर लाद्या टेम्पोत चढवत होता. नेत्रानं स्कूटर थांबवली.

"बाबांनी जमीन फोडलीय."

"बरं झालं."

"ते सोनाबाईंकडे गेलेत. तुम्ही खरे होतात, हे सांगायला."

"बरं झालं."

"आणि मी माफी मागायला आलेय."

"मागा."

"मागितली की!"

"कुठं? तुम्ही नुसतं सांगितलंत, मागायला आलेय म्हणून."

"तू ना..." नेत्राचा आवाज चढला. "तू अत्यंत, अत्यंत खडूस माणूस आहेस! चुकले मी. चार दिवस भ्याडासारखी वागले. तुझं काम गेलं माझ्यामुळे. आणि ते हसू चिकटवलेलं नव्हतं, कळलं? माझं हसू असं चिकटवता येत नाही. आलं तर येतं!"

टेम्पोवाला लादी हातात धरून बघत राहिला होता. केतनच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र हळूहळू उतरत गेला.

"मला 'तू' बोललीस," तो म्हणाला.

"रागात निघालं."

"मग जरा आणखी रागाव."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. खारा भाग फोडून, खरवडून बाहेर काढला. आता तिथं गोटे आणि मुरूम भरायचा, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर चाळून आणलेल्या गोड वाळूचं काँक्रीट आणि सगळ्या खोलीवर नवा कोबा. मुरूम पसरून पाणी मारलं, तेव्हा नेत्रा धुम्मस आणायला निघाली. धुम्मस म्हणजे जमीन ठोकायचा दांड्याचा जड ठोकळा.

"ती नंतर," केतन म्हणाला. "आधी पाय. मिठागराचे वाफे आमच्याकडे सगळं घर मिळून तुडवतं. ठोकळ्याला कळत न्हाय, कुठं मऊ हाय ते. पायाला कळतं. चपला काढ. माझ्या शेजारी उभी राहा. पावलाला पाऊल लावून चालायचं, मधे जागा सोडायची न्हाय. जिथं जागा सुटली, तिथनं पाणी शिरतं."

ती त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचं पाऊल गोरं, अंगठ्याला निळ्या रंगाचा डाग. त्याचं रापलेलं, टाचा सिमेंटनं फाटलेल्या. डावं... उजवं... डावं... ओला मुरूम बोटांमधून वर येत होता. भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. हरेश्वरकाका दुसऱ्या टोकाला एकटेच तुडवत होते आणि पुटपुटत होते, "अंदाज म्हणे."

"तू अजून चिडलेला आहेस?" नेत्रानं खाली बघत विचारलं.

"हाय."

"किती?"

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"मग?"

"मग काय, तुडवतोय की. होईल घट्ट."

कोबा घोटून झाला तो सत्तावीस ऑगस्टला. तिघांनीही घोटला, पण शेवटचा हात केतनचा. दुसऱ्या दिवशी त्यानं कडेनं मातीचं आळं घालून वर बोटभर पाणी भरलं. पाण्यात खिडकी दिसत होती, खिडकीत पोफळी. दोघं दाराच्या उंबऱ्यावर बसली. मृणाल तिथंच गुडघ्यावर वही ठेवून पाण्यातली उलटी पोफळ काढत होती.

"एकवीस दिवस असं पाणी ठेवायचं," केतन म्हणाला. "रोज बघायचं, कमी झालं की भरायचं. मी रोज येईन."

"पाणी मलाही भरता येतं."

"येतं. ठाऊक हाय मला."

"मग?"

"तरी येईन."

पाण्यावर एक पान पडलं. नेत्रानं फोन काढला आणि पनवेलला लावला. या वेळी तिनं घंटी वाजू दिली. "मॅडम, मी नेत्रा. जागा दुसऱ्या कुणाला द्या... हो, जमीन झाली." तिनं फोन खाली ठेवला.

"जमीन झाली म्हणून राहतेयस?" त्यानं विचारलं. "नुसतं जमिनीसाठी?"

"जमीन अजून वाळायची आहे."

"ते उत्तर न्हाय."

"तू रोज नाही आलास तर मी म्हसळ्याला येऊन त्या पायरीवर असा तमाशा करीन, की..."

"की?"

"की अख्ख्या बाजाराला कळेल, मला तू आवडतोस ते!"

हेही ती रागातच बोलली. आठीसकट. केतन हसला नाही. त्यानं तिचा सिमेंटनं खरखरीत झालेला हात आपल्या तशाच खरखरीत हातात घेतला आणि म्हणाला, "आज्याची शप्पथ, मला पहिल्याच दिवशी. तू पायरीवर उभी होतीस ना, भिजलेली, तेव्हाच. मालकानं दुकान माझ्यावर टाकलं ते बरं केलं."

मग वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला, आणि दोघांनी एकदम मागं बघितलं.

मृणाल उभी होती. तिनं एकमेकांत अडकलेल्या हातांकडे बघितलं. मग दोघांच्या तोंडांकडे बघितलं.

"मृणाल," नेत्रा घाईघाईनं म्हणाली, "हे बघ, बाळा, आजोबांना मी सांगणार आहे हं. उद्या. नीट वेळ बघून..."

"उद्या?" मृणालच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे एक लहानशी आठी आली. तिनं वही मिटून काखेत घेतली.

"अगं थांब! मृणाल!"

पण मृणाल वाडीतून वळसा घालून वर गेलीसुद्धा. हरेश्वरकाका ओटीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या हातातला अडकित्ता हळूच काढून घेतला, तो लांब खिडकीत नेऊन ठेवला, परत येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली.